स्वादुपिंडाला सूज: रोजच्या साध्या तपासण्यांवरून पुढचं कसं ओळखतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये फिजिशियन आहे. ॲक्यूट पॅनक्रियाटायटिसचा, म्हणजे स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचा पेशंट दाखल झाला की वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसलेले नातेवाईक जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. राउंडच्या घाईत दोन मिनिटांत उत्तर द्यावं लागतं, ते अपुरं राहतं आणि मनाला टोचत राहतं. म्हणून इथे जरा सविस्तर. उदाहरणांतल्या माणसांची ओळख पटू नये यासाठी तपशील बदलले आहेत. हे वाचून कुणी औषध बदलू नका आणि ॲडमिट व्हायचं पुढे ढकलू नका.

लायपेज २,८४० आलंय. म्हणजे आजार फार वाढलाय का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात आधी घेते, कारण लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते याच आकड्याला. निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार रात्री अकराला आले होते. पोटाच्या वरच्या भागात दुखत होतं, कळ थेट पाठीत जात होती, पुढे वाकून बसलं की थोडं बरं वाटत होतं. मुलाने मोबाईलवर रिपोर्ट पुढे धरला. "मॅडम, साठच्या आत पाहिजे ते अठ्ठावीसशे झालंय. पपा वाचतील ना?" माझं लक्ष त्याच रिपोर्टच्या खालच्या ओळींवर होतं: युरिया ५८, हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट आहे ते दाखवणारा आकडा) ४९.

लायपेज आणि अमायलेज ही स्वादुपिंडात बनणारी पाचकद्रव्यं. रक्तातले त्यांचे आकडे एवढंच सांगतात की स्वादुपिंडाला सूज आली आहे. ती पुढे कुठवर जाईल, हे त्यांना सांगता येत नाही. लायपेज तीन हजार असलेला माणूस चौथ्या दिवशी वरणभात खाऊन घरी जातो आणि चारशे असलेला व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो. म्हणून एकदा निदान झालं की लायपेज रोज करून काही हाती लागत नाही. "आज लायपेज किती उतरलं?" असं विचारण्याऐवजी "आज युरिया किती आहे?" असं विचारा. डॉक्टरांनाही बरं वाटेल.

मग निदान कशावरून करतात?

तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या की. ठरावीक प्रकारचं पोटदुखणं, लायपेज किंवा अमायलेज नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त, आणि सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयमध्ये दिसणारी सूज. पहिल्या दोन जुळल्या तर निदानासाठी सीटीची गरज लागत नाही.

पहिल्या दिवशी डॉक्टर "आत्ताच काही सांगता येत नाही" असं का म्हणतात? काही लपवतात का?

लपवत नाहीत. खरंच सांगता येत नाही.

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं असतं. अन्न पचवणारी पाचकद्रव्यं ते बनवतं आणि ती आतड्यात पोचल्यावरच कामाला लागायला हवीत. या आजारात ती स्वादुपिंडातच जागी होतात आणि स्वतःच्याच घराला आग लावतात. बहुतेकांमध्ये ही आग तिथल्या तिथे विझते. काहींमध्ये तिची झळ सगळ्या शरीराला बसते. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तातलं पाणी पोटात आणि छातीत उतरतं, रक्त घट्ट होतं, मूत्रपिंडांना पुरेसं रक्त मिळत नाही, फुप्फुसं ओली होतात. आग कुठल्या बाजूला जाणार, हे पहिल्या चार तासांत दिसत नाही.

आजाराची तीव्रता ठरवण्यासाठी जगभर 'सुधारित अटलांटा वर्गीकरण' वापरतात. मूळ वर्गीकरण १९९२ चं, सुधारणा २०१२ ची. त्यात घड्याळालाच महत्त्व आहे. फुप्फुस, मूत्रपिंड किंवा रक्तदाब यांपैकी काही कोलमडलं आणि ४८ तासांत सावरलं, तर आजार 'मध्यम तीव्र'. ४८ तासांनंतरही सावरलं नाही, तर 'तीव्र'. कोणताच अवयव कोलमडला नाही आणि इतर गुंतागुंतही नाही, तर 'सौम्य'. व्याख्येतच दोन दिवस घातलेले असताना पहिल्या रात्री छातीठोकपणे सांगणार कसं?

दहापैकी साधारण आठ जणांचा आजार सौम्यच निघतो आणि ते आठवड्याभरात घरी जातात. ज्यांचे अवयव ४८ तासांनंतरही सावरत नाहीत, त्यांच्यात मात्र मृत्यूचं प्रमाण २० ते ४० टक्क्यांपर्यंत जातं. आमची सगळी धडपड हा दुसरा गट लवकर ओळखण्यासाठी असते.

कोणत्या तपासण्यांवरून हा अंदाज बांधता?

यासाठी वेगळी, महागडी तपासणी लागत नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), युरिया, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारी तपासणी), साखर, कॅल्शियम, छातीचा एक्स-रे, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि सिस्टरांनी दर काही तासांनी लिहिलेला तक्ता. हे सगळं तालुक्याच्या गावातही होतं. मला या विषयात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

यात माझा सर्वांत जास्त भरवसा युरियावर आहे. रक्तातलं पाणी कमी झालं किंवा मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं की युरिया चढतो. दाखल होताना तो वाढलेला असेल तर सावध व्हायचं. आणि सलाईन सुरू असूनही २४ तासांत तो आणखी चढला, मग ती वाढ दिसायला कितीही थोडी असो, तर पेशंट आयसीयूच्या जवळ ठेवायचा. निफाडच्या त्या बागायतदारांचा युरिया दुसऱ्या दिवशी सकाळी ५८ वरून ४४ वर आला, हिमॅटोक्रिट ४९ वरून ४३ वर. लायपेज पुन्हा केलंच नाही. मुलाला मी तेव्हा म्हटलं, "आता जरा चहा पिऊन ये."

हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के. सीबीसीच्या कागदावर तो 'पीसीव्ही' या नावानेही असतो. तो ४४ च्या वर असेल आणि २४ तास सलाईन देऊनही उतरत नसेल, तर रक्त घट्टच राहिलं आहे, असं समजायचं. अशा पेशंटमध्ये स्वादुपिंडाचा काही भाग निकामी व्हायची, म्हणजे नेक्रोसिसची शक्यता जास्त असते. उलट, हिमॅटोक्रिट नॉर्मल, क्रिएटिनिन नॉर्मल आणि पोट दाबल्यावर कडक लागत नसेल, तर आजार बहुधा सौम्यच राहणार, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं.

क्रिएटिनिन पहिल्या ४८ तासांत १.८ च्या पुढे गेला तर चिंता वाढते. कॅल्शियम ८ च्या खाली येणं हेही वाईट लक्षण, पण अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, कमी असेल तर कॅल्शियम उगाच कमी दिसतं, त्याचा हिशेब आधी करावा लागतो. साखर डायबिटीस नसलेल्यांमध्येही चढू शकते. एक्स-रेमध्ये छातीत पाणी दिसलं, विशेषतः डाव्या बाजूला, तर त्याचीही नोंद घ्यायची.

सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, तिच्याबद्दल लोक फार विचारतात. ती तपासणी चांगली आहे, पण सावकाश चढते. दाखल होताना केलेली नॉर्मल सीआरपी काहीच दिलासा देत नाही. ४८ तासांनी १५० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर असेल तर तिला अर्थ.

आमच्या रिपोर्टवर बीयूएन नाही, 'ब्लड युरिया' लिहिलंय. इंटरनेटवर २५ च्या वर धोका म्हणतात, आमचा ३८ आहे!

हा गोंधळ मी दर महिन्याला पाहते आणि त्यापायी लोक रात्रभर जागलेले असतात. परदेशी लेखांमधला आकडा बीयूएनचा असतो, म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनचा. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब पूर्ण युरिया छापतात. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. म्हणजे बीयूएन २० म्हणजे युरिया साधारण ४३ आणि बीयूएन २५ म्हणजे युरिया साधारण ५३. तुमच्या ३८ युरियाचा बीयूएन १८ च्या आसपास होतो. घाबरायचं कारण नाही, उद्याचा आकडा मात्र पाहायचा.

सीआरपीचंही तसंच. काही लॅब मिलिग्रॅम प्रतिलिटर छापतात, काही प्रतिडेसिलिटर. १५० आणि १५ ही एकच किंमत असू शकते. त्यामुळे रिपोर्ट दुसऱ्या लॅबचा असेल तर आकड्याशेजारचं एकक वाचल्याशिवाय तुलना करू नका. शक्यतो सगळे नमुने एकाच लॅबला द्या.

फाईलवर 'बायसॅप २' लिहिलं होतं. ते काय?

पाच प्रश्नांचा छोटा हिशेब. बीयूएन २५ च्या वर आहे का, पेशंट गोंधळलेला किंवा गुंगीत आहे का, शरीरभर दाहाची लक्षणं आहेत का, वय ६० च्या वर आहे का, छातीत पाणी आहे का. प्रत्येक 'हो'ला एक गुण, पहिल्या २४ तासांत मोजायचा. २००८ मध्ये अमेरिकेतल्या हजारो पेशंटांच्या नोंदींवरून तो तयार झाला. शून्य गुण असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याहून कमी निघालं, पाच गुण असलेल्यांत २० टक्क्यांहून जास्त. तीन किंवा जास्त आले की आम्ही जास्त जवळून लक्ष ठेवतो.

त्यातली 'शरीरभर दाहाची लक्षणं' म्हणजे चारपैकी किमान दोन: ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा ३६ च्या खाली, नाडी ९० च्या वर, श्वास मिनिटाला २० च्या वर, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर किंवा ४,००० च्या खाली. यातल्या पहिल्या तीन गोष्टींना थर्मामीटर आणि घड्याळ पुरतं. ही स्थिती दोन दिवस टिकून राहिली तर ती पहिल्या दिवशीच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त बोलकी असते. श्वास मोजायचा कंटाळा केला जातो, तक्त्यावर सगळ्यांचा श्वास २० लिहिलेला दिसतो. माझ्या ज्युनिअर डॉक्टरांना मी पूर्ण एक मिनिट मोजायला लावते.

रॅन्सन, अपाची ही नावंही ऐकली. त्यातला चांगला कोणता?

रॅन्सनचे निकष १९७४ चे. अकरा गोष्टी, त्यातल्या पाच दाखल होताना आणि सहा ४८ तासांनी. म्हणजे पूर्ण उत्तर मिळेपर्यंत दोन दिवस गेलेले असतात. अपाची-२ हा आयसीयूसाठी १९८५ मध्ये आला. तो रोज मोजता येतो, पण त्याला बरीच मोजमापं आणि धमनीतल्या रक्ताची तपासणी लागते. बायसॅप सोपा आहे. तुलना करून पाहिलं तर एकाने दुसऱ्याला फार मागे टाकलंय, असं दिसत नाही. म्हणून मी बायसॅप मोजते आणि उरलेला वेळ पेशंटच्या खाटेपाशी घालवते.

स्कोअर कमी आहे म्हणजे आता धोका टळला?

स्कोअर गटाबद्दल बोलतो. शंभर जणांत किती जणांचं बिघडेल, हे त्यातून कळतं. त्या शंभरांत तुमचे वडील कुठे, हे कळत नाही. तीव्र आजार असलेले सगळे पेशंट पहिल्या दिवशीच पकडेल, असा एकही स्कोअर नाही, आणि धोका दाखवला त्यातले अनेक जण व्यवस्थित घरी जातात. कमी स्कोअर पाहून मी निरीक्षण सैल करत नाही, जास्त स्कोअर पाहून आशा सोडत नाही.

आपल्या जिल्ह्यात आकडे फसवतात अशी एक जागा मला मुद्दाम सांगायची आहे. पेठकडची एक आदिवासी बाई, बाळंतपणाला दोन महिने झालेले, पित्ताशयात खडे, पोटदुखीने आली. हिमॅटोक्रिट ३६. कागदावर अगदी नॉर्मल. सोबत आलेल्या तिच्या सासूने पिशवीतून गरोदरपणातलं तपासणीचं कार्ड काढलं. त्यावर हिमोग्लोबिन ८.४, हिमॅटोक्रिट २६. म्हणजे जिचं रक्त मुळात २६ चं, तिच्यात ३६ म्हणजे रक्त चांगलंच घट्ट झालेलं. ते दुमडून मऊ झालेलं कार्ड नसतं, तर आमच्याकडून चूक झाली असती. रक्तक्षय, सिकलसेल, आधीपासून अधू असलेली मूत्रपिंडं, या सगळ्यांत पुस्तकातल्या मर्यादा तशाच्या तशा लागू पडत नाहीत. म्हणून जुने रिपोर्ट, कितीही जुने असोत, घेऊन या.

रोज सकाळ-संध्याकाळ रक्त का काढतात? बिल वाढवायला?

पहिल्या दोन दिवसांत आठ ते बारा तासांनी युरिया, क्रिएटिनिन आणि हिमॅटोक्रिट पाहणं योग्यच आहे, कारण सलाईनचं प्रमाण त्यावरून ठरतं. रोज लायपेज, रोज सीआरपी किंवा एकाच आठवड्यात दोनदा सीटी होत असेल, तर 'याने उपचारात काय बदलेल?' असं नम्रपणे विचारा. तुमचा तो हक्क आहे.

सीटी स्कॅन लगेच करून टाकला तर सगळं स्पष्ट होणार नाही का?

पहिल्या दिवशीच्या सीटीत स्वादुपिंडाचा निकामी होणारा भाग अजून नीट उमटलेलाच नसतो. तो ठळक व्हायला तीन-चार दिवस लागतात. घाईने केलेला सीटी 'थोडी सूज' म्हणतो आणि घरचे निर्धास्त होतात. शिवाय त्यासाठी शिरेतून दिलं जाणारं औषध पाणी कमी झालेल्या मूत्रपिंडांना त्रास देऊ शकतं. निदानाबद्दलच शंका असेल, आतडं फुटल्याचा संशय असेल, तर अर्थातच लगेच करतात. सोनोग्राफी मात्र सगळ्यांची पहिल्याच दिवशी, खडे शोधायला.

सलाईन जितकं जास्त तितकं चांगलं ना?

आम्हीही एकेकाळी तसंच शिकलो होतो. २०२२ मध्ये 'वॉटरफॉल' नावाच्या चाचणीने ते मत बदललं. त्यात भारतातलीही केंद्रं होती. भरपूर सलाईन दिलेल्या गटात २०.५ टक्के लोकांच्या शरीरात पाणी साचून त्रास झाला, बेताने दिलेल्या गटात ६.३ टक्के, आणि भरपूर देऊन आजाराची तीव्रता काही कमी झाली नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. आता रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन बेताने देतात आणि युरिया, हिमॅटोक्रिट, लघवी पाहून कमी-जास्त करतात.

लघवीवर नातेवाईकही लक्ष ठेवू शकतात. ६० किलोच्या माणसाला तासाला किमान ३० मिलिलिटर व्हायला हवी. पिशवीवर खुणा असतात. चार तासांत शंभराच्या आत असेल तर सिस्टरांना हाक मारा, संकोच करू नका.

दारूचा थेंब घेत नाहीत, तरी कसं झालं?

आपल्याकडे दारू आणि पित्ताशयातले खडे ही दोन मोठी कारणं. पण हा आजार झाला म्हणजे माणूस पितो, असं गृहीत धरू नका. खड्यांमुळे झालेल्या बायकांनाही शेजारीपाजारी हेच विचारतात, ते ऐकून मला वाईट वाटतं. खडा नलिकेत अडकला की एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) पहिल्या एक-दोन दिवसांत बराच चढतो. तो १५० च्या पुढे असेल तर खड्यांचा संशय पक्का होतो.

ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, १,००० च्या वर गेले तरी हा आजार होतो. अशा पेशंटचं रक्त नळीत थोडा वेळ ठेवलं की वरचा भाग दुधासारखा पांढरा होतो. लॅबचा टेक्निशियन फोन करून सांगतो, "मॅडम, सॅम्पल पांढरं आलंय." याच लोकांत अमायलेज खोटं नॉर्मल येऊ शकतं. रक्तातलं कॅल्शियम जास्त असणं, काही औषधं, ही आणखी कारणं. द्राक्ष आणि भाजीपाल्याच्या पट्ट्यात एक गोष्ट लक्षात ठेवावीच लागते: ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाची विषबाधा झाली तर स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते. फवारणी केली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पेशंट तालुक्याच्या दवाखान्यात आहे. नाशिकला कधी हलवायचं?

सलाईन सुरू होऊनही नाडी १२० च्या आसपास, श्वास भराभर, ऑक्सिजन ९४ च्या खाली, लघवी कमी, युरिया किंवा क्रिएटिनिन चढता, माणूस असंबद्ध बोलतोय: यातलं एक जरी असेल तर वाट पाहू नका. सुरगाणा, पेठ, इगतपुरीकडून घाटरस्त्याने यायचं असेल तर रात्र व्हायच्या आत निर्णय घेतलेला बरा. १०८ ला फोन करा. खासगी गाडीत ऑक्सिजन नसतो आणि सलाईन बंद पडतं. निघण्याआधीच दोन गोष्टी हातात घ्या: आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट, आणि किती सलाईन गेलं व किती लघवी झाली याची चिठ्ठी. ती चिठ्ठी नसेल तर आम्हाला पुन्हा पहिल्यापासून अंदाज बांधत बसावं लागतं.

पैशांची अडचण असेल तर जनआरोग्य योजनेच्या कक्षातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन.

खायला कधी देणार? चार दिवस उपाशी ठेवतात ना?

आता नाही. उलट्या थांबल्या आणि भूक लागली की सौम्य आजारात २४ तासांतही हलकं, कमी तेलाचं जेवण सुरू करतात. मऊ भात, मुगाचं वरण चालतं.

घरी सोडताना काय विचारून घ्यावं?

खड्यांमुळे झालं असेल आणि आजार सौम्य असेल, तर पित्ताशय काढायची शस्त्रक्रिया त्याच भरतीत करता येईल का, हे पहिलं विचारा. 'द्राक्षांची काढणी उरकली की करू' म्हणून गेलेले लोक महिन्याभरात पुन्हा त्याच दुखण्याने आलेले मी पाहिले आहेत, आणि दुसरा झटका पहिल्याइतकाच सौम्य असेल याची हमी नसते. दारू कारण असेल तर ती पूर्ण बंद, आणि त्यासाठी मदत लागणार असेल तर ती मागायला लाजू नका. ट्रायग्लिसराइड कारण असतील तर औषध आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून घ्या.

आणि डिस्चार्ज कार्डासोबत रोजच्या रिपोर्टांच्या प्रती मागून घ्या. पुन्हा कधी रात्री दोनला पोट धरून यावं लागलं, तर समोरच्या नव्या डॉक्टरला सगळ्यात आधी हेच हवं असतं की बरं असताना तुमचा क्रिएटिनिन किती होता आणि हिमॅटोक्रिट किती.